शहाडचा फोन बदलापुरात

शहाड स्टेशनवरून बदलापूरला थेट लोकल नाही. उल्हासनगर कॅम्प १ मधल्या माणसाला बदलापूर गाठायचं तर रिक्षाने उल्हासनगर स्टेशनला जावं लागतं. नाहीतर शहाडला कसाऱ्याकडून येणारी लोकल पकडायची, कल्याणला उतरायचं, पूल चढायचा आणि कर्जतच्या बाजूची गाडी धरायची. दोन्ही गावं एकाच तालुक्याच्या आसपासची, तरी वाट कल्याणातून.

इंटरनेटवर चालणाऱ्या घरगुती फोनची वाटही अशीच असते. कॅम्प १ मधल्या घरात वाजणारी घंटी बदलापूरच्या फ्लॅटमध्ये वळवायची, तर कॉल आधी कुठल्यातरी ‘कल्याणा’त जातो. हे कल्याण म्हणजे फोन कंपनीचा सर्व्हर. तो मुंबईत असेल, चेन्नईत असेल, नाहीतर थेट अमेरिकेत. कॉल वळवण्याचं काम घरातल्या डब्याने करायचं की मधल्या कल्याणने, हा या प्रकरणाचा कळीचा प्रश्न. ‘डिव्हर्टला टाकलाय, तरी फोन लागत नाही’ या तक्रारीची मुळं बहुतेक वेळा इथेच सापडतात.

आधी गरज कुठून आली ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर या गावाची पायाभरणी झाली. शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीचं नाव गावाला मिळालं. छावणीचे ‘कॅम्प’ मात्र पत्त्यात राहिले ते आजतागायत. इथला पत्ता अजूनही बॅरक नंबर आणि कॅम्प नंबर सांगून पुरा होतो. बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी जुना बॅरक नंबर सुटला नाही.

लँडलाइनच्या नंबराचंही तेच झालं. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सगळ्या पट्ट्याचा एसटीडी कोड एकच, ०२५१. मुंबईचा ०२२. त्यामुळे कॅम्प १ मधून बदलापूरला लावलेला फोन लोकल आणि मुलुंडला लावलेला एसटीडी, असा हिशेब कितीतरी वर्षं चालला. मुंबईहून इथे फोन करायला मधली काही वर्षं ९५२५१ फिरवावं लागे, हे अनेकांच्या बोटांना अजून आठवत असेल. घरात फोन आला की तो नंबर दुकानाच्या बिलावर छापला जाई, लग्नपत्रिकेवर जाई, नातेवाइकांच्या डायरीत पहिल्या पानावर बसे. दुबईत, हाँगकाँगमध्ये, अमेरिकेत पांगलेल्या घरच्यांसाठी तो गावाकडचा कायमचा पत्ता होता.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. आईवडील कॅम्प १ मध्येच. मुलाने स्वस्त म्हणून बदलापूरला फ्लॅट घेतला. मुलगी न्यू जर्सीत. आईवडील आठवड्यातले चार दिवस कॅम्पात, तीन दिवस नातवंडांपाशी. आणि नेमके ते तिथे नसतात त्याच वेळी जुना नंबर वाजत राहतो. न्यू जर्सीहून लेक चार वेळा फोन करते आणि पाचव्यांदा घाबरून भावाला उठवते. हा घोर दूर करणं अवघड नाही. दोन्ही घरांत इंटरनेट असेल, तर एका दुपारचं काम आहे.

त्यासाठी लागणारा डबा हाताच्या तळव्याएवढा असतो. एका बाजूला राउटरची वायर, दुसऱ्या बाजूला साध्या फोनची. त्याला अडॅप्टर म्हणतात. साध्या फोनला वाटतं की आपण एक्स्चेंजलाच जोडलेलो आहोत, कारण डायल टोन, विजेचा दाब, घंटी वाजवणारा प्रवाह हे सगळं डबा स्वतः तयार करून देतो. बोलणाऱ्याचा आवाज तो सेकंदाला ८,००० वेळा मोजतो, प्रत्येक मोजमापाला ८ बिट देतो, २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो आणि सेकंदाला अशी ५० पाकिटं इंटरनेटवर रवाना करतो. आज बीएसएनएल, जिओ किंवा एअरटेलची फायबर जोडणी घेतली की हा डबा वेगळा दिसतही नाही. तो राउटरच्या पोटातच असतो आणि मागच्या बाजूला फोनची पिन घालायला एक भोक तेवढं दिसतं.

डबे एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिचं नाव सिप. २००२ च्या जूनमध्ये तिचं आजचं मुख्य रूप प्रसिद्ध झालं. ही भाषा वाचता येणारी आहे, आकडे आणि शब्द सुटसुटीत आहेत. ‘फोन घ्या’ असं आमंत्रण जातं. ‘१८०’ असं उत्तर आलं की पलीकडे घंटी वाजते आहे. ‘४८६’ म्हणजे माणूस दुसऱ्या फोनवर आहे. आणि ‘३०२’ म्हणजे तात्पुरता मुक्काम हलवला आहे, या नव्या पत्त्यावर विचारा.

या ३०२ मध्ये फॉरवर्डिंगचं मर्म आहे. पोस्टमन पाकीट परत करतो आणि नवा पत्ता सांगतो, मग पाठवणाऱ्यानेच ते नव्या पत्त्यावर धाडायचं, तसं हे काम. कॅम्प १ चा डबा ३०२ म्हणतो आणि बाजूला होतो, त्यानंतरचं बोलणं थेट बदलापूरशी चालतं. पण काही डबे असं करत नाहीत. ते आलेला कॉल स्वतः घेतात, बदलापूरला दुसरा कॉल लावतात आणि दोन्हींची टोकं आपल्या हातात धरून बसतात. अशा वेळी आवाजाची दोन्ही बाजूंची पाकिटं कॅम्प १ च्या घरातून जातात. एका बोलण्याला प्रत्येक दिशेला साधारण ८० ते ९० किलोबिट लागतात, इथे त्याच्या दुप्पट. फायबरवर त्याची जाणीवही होत नाही. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा २५६ किलोबिटवर सुरू झाली, त्या काळात मात्र एवढ्याने आवाज तुटायला लागला असता.

तिसरा मार्ग कल्याणचा. घरातल्या डब्याला काहीच सांगायचं नाही. कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या अॅपमध्ये किंवा खात्याच्या पानावर, ‘उत्तर नसेल तर या नंबरवर पाठवा’ असं नोंदवून ठेवायचं. हा मार्ग सगळ्यांत भरवशाचा आहे, आणि त्याचं कारण उल्हासनगरच्या माणसाला समजावून सांगायला नको. वीज जाते. तांब्याच्या तारेचा जुना फोन वीज गेली तरी चालू राहायचा, कारण त्याला लागणारा ४८ व्होल्टचा दाब एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या पुरवत होत्या. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. घरातली वीज गेली की राउटर मेला, डबा मेला आणि डब्यात लिहून ठेवलेली फॉरवर्डिंगची सूचनाही त्याच्याबरोबर गेली. कॉल करणाऱ्याला ‘उपलब्ध नाही’ एवढंच ऐकू येतं. सूचना सर्व्हरवर असेल तर कॅम्प १ अंधारात असतानाही फोन बदलापूरला वाजतो.

पुराच्या दिवसांत हा फरक फार मोठा ठरतो. २६ जुलै २००५ चा पाऊस या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी दूर राहणारी माणसं सगळ्यांत आधी घरचा जुना नंबर लावतात. म्हणून ‘उत्तर नसेल तर’ आणि ‘जोडणीच नसेल तर’ या दोन वेगळ्या सूचना आहेत हे पक्कं लक्षात ठेवायला हवं. पहिली देऊन दुसरी विसरणारे खूप. राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस जोडला तर तासा-दोन तासांची चिंता मिटते, पण पुरासाठी तेवढं पुरणार नाही.

फॉरवर्डिंग ही कल्पना मुळात एक्स्चेंजवाल्यांचीच. १९६५ च्या मे महिन्यात अमेरिकेत सक्कासुन्ना नावाच्या लहानशा गावात बेल कंपनीचं पहिलं मोठं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं. सूचना साठवून ठेवणारं ते यंत्र होतं, म्हणून आलेला कॉल दुसऱ्या नंबरवर वळवण्यासारख्या सोयी ग्राहकाला देता आल्या. सक्कासुन्ना न्यू जर्सीत आहे. आज त्याच राज्यात मराठी घरं हजारोंनी आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे हीच सोय एका डब्यात घालून आईवडिलांपर्यंत पोचवली.

ते असं झालं. २००२ नंतर अमेरिकेत व्होनेजसारख्या कंपन्या इंटरनेटवरचा घरगुती फोन विकू लागल्या. महिन्याला ठरावीक पैसे, अमेरिकेत हवं तेवढं बोला. सुट्टीत भारतात येणारी मुलं बॅगेत असा एक डबा घालून आणायची आणि आईवडिलांच्या राउटरला जोडून द्यायची. डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या दिवाणखान्यात अमेरिकेचा नंबर वाजायला लागला. एसटीडी-आयएसडी बूथमध्ये मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत बोललेल्या पिढीला हे किती मोठं वाटलं असेल! अडचण एकच. न्यू जर्सी आपल्या साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे. तिकडच्या भर दुपारी कुणी जाहिरातवाला तो नंबर फिरवायचा आणि इकडे मध्यरात्री आजोबा दचकून उठायचे. रात्रीचे कॉल व्हॉइसमेलकडे वळवायची सोय त्याच डब्यात होती, पण ती कुणीतरी लावून द्यावी लागे.

या डब्यांच्या इतिहासात यान फांड्रियांटो हे नाव पुन्हा पुन्हा भेटतं. त्यांची कोमोडो ही कंपनी सिस्कोने २००० साली घेतली, सिपुरा २००५ साली घेतली, आणि त्यानंतर त्यांनी ओबीहाय काढली. ओबीच्या डब्याने दोन घरांना जोडणं फार सोपं केलं. प्रत्येक डब्याला नऊ आकडी क्रमांक. **९ दाबायचं, समोरच्या डब्याचा क्रमांक फिरवायचा, संपलं. कुठल्या फोन कंपनीचं खातं नको, बिल नको. आपल्याकडे येणारा कॉल त्या क्रमांकावर वळवूनही ठेवता येई. घरगुती राउटरमागे लपलेले दोन डबे एकमेकांना आपणहून शोधू शकत नाहीत, कारण बाहेरून आलेलं अनोळखी पाकीट राउटर दारातूनच परत पाठवतो. आपल्याकडे तर बऱ्याच कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. म्हणून दोन्ही डबे ओबीच्या सर्व्हरशी सतत बारीक संपर्क ठेवून असत आणि तो सर्व्हर त्यांची गाठ घालून देई. पुन्हा कल्याणच! पॉलिकॉमने २०१८ साली ओबीहाय घेतली आणि ते डबे पुढे बाजारातून गेले. दोन घरांमधला दुवा परक्या कंपनीच्या सर्व्हरवर टांगलेला असतो, त्याची ही दुसरी बाजू.

स्वतःचं कल्याण घरी उभारणारेही आहेत. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं ॲस्टरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर पत्त्यांच्या डबीएवढ्या संगणकावर चालतं आणि एक्स्चेंजची सगळी कामं करतं. कॅम्प १ ला १०१, बदलापूरला १०२, न्यू जर्सीला १०३ असे नंबर द्यायचे आणि कुणाचा कॉल कुठे वळायचा ते आपणच लिहायचं. ज्याला रस आहे त्याने जरूर करावं. मात्र त्या संगणकाची वीज आणि पासवर्ड या दोन्हींची जबाबदारी मग घरातल्याच कुणावर तरी येते.

पासवर्डचा विषय गंभीर आहे. डब्यासोबत आलेला ‘ॲडमिन’ हा पासवर्ड तसाच ठेवला, तर इंटरनेटवर रात्रंदिवस फिरणारी शोधयंत्रं तो डबा हुडकून काढतात. आत शिरलेला चोर काय करतो? फॉरवर्डिंगच लावतो. घरचा नंबर एखाद्या महागड्या परदेशी नंबरकडे वळवायचा आणि मग त्या घरच्या नंबरवर कॉलचा मारा करायचा. वळवलेल्या पुढच्या टप्प्याचे पैसे नेहमी वळवणाऱ्याच्या खात्यात लागतात, त्यामुळे बिल त्या घराला येतं.

मोबाइलवर याच सोयीचा वापर करून आपल्याकडे माणसं लुटली गेली. ‘कुरिअरवाला बोलतोय, पार्सल मिळवायला हा कोड दाबा’ असं सांगायचं आणि *४०१* किंवा *२१* ने सुरू होणारा आकडा दाबायला लावायचं. तो आकडा म्हणजे सगळे कॉल ठगाच्या नंबरवर वळवण्याचा हुकूम. मग बँकेचा फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे आकडे दाबून, म्हणजे यूएसएसडी कोडने, फॉरवर्ड लावण्याची सोय थांबवायला सांगितली ती यासाठीच. मोबाइलवर *#२१# दाबलं की आपले कॉल कुठे वळलेत का ते दिसतं, आणि ##००२# ने सगळी वळणं रद्द होतात. घरातल्या मोठ्या माणसांना हे दोन आकडे कागदावर लिहून द्यावेत.

कॉल कुणाच्या हातून वळतो हा प्रश्न टेलिफोनइतकाच जुना आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर हा अंत्यविधीचं सामान पुरवणारा व्यावसायिक होता. आपल्या गिऱ्हाइकांचे कॉल एक्स्चेंजमधली ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याचा समज झाला, असं सांगतात. त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंज शोधून काढलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं.

कायद्याचाही एक बांध आहे आणि तो ओलांडू नये. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट टेलिफोनीला मुभा मिळाली, पण ती संगणकावरून संगणकावर आणि इथून परदेशातल्या फोनवर बोलण्यापुरती. इंटरनेटवरून आलेला कॉल भारतातल्या साध्या फोनच्या जाळ्यात सोडायला परवाना लागतो. काही डब्यांना फोनच्या भोकाशेजारी आणखी एक भोक असतं, लँडलाइनची तार जोडायला. न्यू जर्सीहून इंटरनेटवर आलेला कॉल त्या तारेतून बाहेर काढून बदलापूरच्या लँडलाइनवर पाठवणं तांत्रिकदृष्ट्या दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते बेकायदा आहे. एका इंटरनेट डब्यावरून दुसऱ्या इंटरनेट डब्यावर घरच्या घरी वळवणं ही वेगळी गोष्ट. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना मोकळीक मिळाली आणि बीएसएनएलने त्याच वर्षी ‘विंग्ज’ नावाने अॅपवरचा फोन आणला.

आता प्रत्यक्ष लावणं. बरेच सुटे डबे *७२ आणि पुढे नंबर दाबला की सगळे कॉल वळवतात, *७३ ने थांबवतात. ‘उत्तर नसेल तर’ या सूचनेचा कोड प्रत्येक कंपनीत निराळा असतो, तो तिच्या माहितीपत्रकातच पाहावा. जुना फिरत्या तबकडीचा फोन प्रेमाने जपला असेल तर त्यावर स्टार आणि हॅश नाहीत, तेव्हा कोड देण्यापुरता बटनांचा फोन जोडावा लागेल. शिवाय तबकडीचे ठोके समजणारे डबे मोजकेच.

सगळ्यांत जास्त विचार किती सेकंदांनी वळवायचं यावर करावा. भारतात घंटीची एक फेरी, ‘ट्रिंग-ट्रिंग’ आणि मधली शांतता धरून, ३ सेकंदांची असते. अमेरिकेत ६ सेकंदांची. म्हणून अमेरिकी डब्याचे २० सेकंद तिथे तीन-साडेतीन घंट्या आणि इथे जवळपास सात. पण गुडघे दुखणाऱ्या आजींना आतल्या खोलीतून यायला घंट्यांची संख्या उपयोगाची नाही, सेकंद लागतात. २० सेकंदांत त्या फोनपाशी पोचतात, हात पुढे करतात आणि घंटी थांबते, कारण कॉल बदलापूरला निघालेला असतो. ‘अहो आई, तुम्ही फोन का घेतला नाहीत?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं. दूरसंचार नियामक ट्रायने नोव्हेंबर २०१९ मध्ये लँडलाइनची घंटी ६० सेकंद आणि मोबाइलची ३० सेकंद वाजावी असं ठरवून दिलं. लँडलाइनवर ६० सेकंद हाताशी असतील तर ३० कॅम्प १ ला आणि उरलेले बदलापूरला, ही वाटणी घरातल्या वडीलधाऱ्यांना मानवते.

बदलापूरचा फोनही कुणी उचलला नाही तर? इथे अनेकांच्या मनात येतं की तो परत कॅम्प १ ला वळवावा. असं मुळीच करू नये. कॅम्प १ बदलापूरला पाठवतो, बदलापूर कॅम्प १ ला, आणि कॉल दोन घरांमध्ये हेलपाटे घालत बसतो. सिपमध्ये यावर उपाय आहे. प्रत्येक आमंत्रणावर एक आकडा लिहिलेला असतो, बहुधा ७०, आणि प्रत्येक मुक्कामावर तो एकाने कमी होतो. शून्य झाला की कॉल संपतो. पण मध्ये साधं टेलिफोन जाळं आलं की हा आकडा पुढे जाईलच असं नाही. तिथे मोजणी नव्याने सुरू होते आणि दोन्ही घरांच्या लाइनी व्यापल्या जाईपर्यंत फेऱ्या चालतात. दुसरा टप्पा म्हणून मुलाचा मोबाइल द्यावा आणि तिथे थांबावं.

अंतराचाही विचार हवा. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांत पोचला तर बोलणं सहज वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं माप आहे. मधला सर्व्हर अमेरिकेत असेल आणि आवाजही त्याच्यामार्गेच जात असेल, तर कॅम्प १ मधला शब्द बदलापूरला पोचण्याआधी दोनदा समुद्र ओलांडतो. मग दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात. भारतातला सर्व्हर निवडायची सोय असेल तर तोच निवडावा.

सगळं लावून झालं की तपासणी तिसऱ्याच फोनवरून करावी, कारण स्वतःच्या नंबरवर स्वतःच कॉल केला तर काही डबे लाइन व्यस्त दाखवतात. शेजाऱ्यांचा मोबाइल घ्यावा. आधी कॅम्प १ चा फोन वाजू द्यावा आणि आजींना त्यांच्या चालीने येऊन उचलू द्यावा. दुसऱ्या खेपेला कुणीच उचलू नये, बदलापूरला किती सेकंदांनी वाजतो ते मोजावं. तिसऱ्या खेपेला राउटरचं बटण बंद करावं, दिवे विझल्यावर मिनिटभर थांबावं आणि पुन्हा नंबर फिरवावा. बदलापूरच्या स्वयंपाकघरात घंटी वाजली आणि पलीकडून ‘हॅलो, कोण?’ आलं, की राउटर परत सुरू करायला हरकत नाही.